एथेल टीचरचं शुद्ध इंग्रजी

"इंग्रजी भाषेचं सगळं साम्राज्य एका 'द'वर उभं आहे," एथेल टीचरनी तांबडं पेन कॅमेऱ्यासमोर उगारून जाहीर केलं. "तो 'द' काढा, की सगळं कोसळलंच म्हणून समजा."

आणि लॅपटॉप कोसळला. तो बिस्किटांच्या ज्या दोन डब्यांवर उभा होता, त्यांतला वरचा निसटला. किर्गिझस्तानातल्या ओश शहरात बसलेल्या सहा जणांना पुढचं मिनिटभर कांदिवलीच्या पोयसर गावठाणातलं एक छत, एक पंखा आणि पंख्याला लोंबणारं जळमट यांचं निरीक्षण करावं लागलं. कोणी हसलं नाही. दोघांनी तर धड्याचाच भाग समजून वहीत काहीतरी लिहून घेतलं.

चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून टीचर निवृत्त झाल्या होत्या. पण निवृत्त झाली ती नोकरी. तांबडं पेन नाही. घरात येणाऱ्या लग्नपत्रिकासुद्धा त्या तपासून ठेवायच्या. शेवटी सून जेनेव्हिव्हने घरादाराच्या रक्षणासाठी त्यांना इंटरनेटवरची ही शिकवणी शोधून दिली. रशियन बोलणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी व्याकरण आणि वाचन. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार वाजता. ओशचं घड्याळ पोयसरच्या अर्धा तास पुढे असल्याने विद्यार्थी आपल्यापेक्षा थोडे पुढारलेले आहेत, असं टीचर गमतीने म्हणायच्या. त्यांच्या मते रशियन बोलणाऱ्यांना दोनच दुखणी. त्यांच्या भाषेत 'द' आणि 'अ' नाहीत, आणि 'इज'वाचून त्यांचं काही अडत नाही. 'मी नर्स', 'पेशंट खाटेवर', की संपलं वाक्य.

"'द' मराठीत तरी कुठे आहे, मम्मी?" जेनेव्हिव्हने एकदा विचारलं होतं. "आपलं काही अडलं का?"

"अडलं म्हणूनच तर इंग्रजी शिकलो," टीचर म्हणाल्या होत्या.

त्या सहा जणांत एक होती गुल्झात. ओशच्या इस्पितळात अकरा वर्षं नर्स. तिला आखातातल्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी हवी होती. मुलाखत व्हिडिओवर व्हायची आणि ती दोनदा नापास झाली होती. येत्या गुरुवारी तिसरी खेप होती. तिथे वयाच्या बत्तीस वर्षांनंतर अर्ज घेत नसत, आणि पुढच्या महिन्यात गुल्झातला बत्तीस पुरी होणार होती. कामात ती पक्की होती. नापास व्हायची ती गप्प बसल्यामुळे. प्रश्न आला की ती मनातल्या मनात 'इज' आणि 'द' शोधायला निघायची, आणि दोघांना धरून परत येईपर्यंत विचारणारे पुढच्या उमेदवाराकडे गेलेले असायचे.

मंगळवारी टीचरनी तिला एकटीलाच बोलावलं. शिकवणी अर्थात इंग्रजीतून चालायची. इथे ती मराठीत उतरवली आहे, एवढं चालवून घ्यावं.

"बरं," टीचर म्हणाल्या, "रुग्णाचा भाऊ वॉर्डात येऊन आरडाओरडा करतोय. तुम्ही काय कराल?"

"बरं," गुल्झात म्हणाली, "आधी मी त्या भावाला बसवीन. मग त्याचं ऐकून घेईन. मग डॉक्टरांना बोलावीन."

"बरं. आणि तो बसलाच नाही तर?"

"बरं, मग मी पण उभी राहीन."

टीचरनी टेबलावर पेन आपटलं. मागच्या महिन्यात हीच बाई स्वतःचं नाव सांगायला अर्धं मिनिट घ्यायची. "गुरुवारी असंच," त्या म्हणाल्या, "अगदी असंच बोलायचं."

कॉल संपला. जेनेव्हिव्ह पलीकडे कोळंबी सोलत बसली होती.

"मम्मी, ती 'बरं' का म्हणते गं?"

"कोण?"

"तुझी ती गुल्झात. प्रत्येक उत्तराआधी."

"चांगली सवय आहे. मोठ्यांनी काही विचारलं की लगेच फाडकन बोलू नये."

"ते ठीक आहे. पण ती रशियन बोलते, मम्मी. तिला 'बरं' कुठून माहीत?"

टीचरनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. वरच्या सगळ्या संवादात तो एकच शब्द असा होता, की ज्याचं भाषांतर करावं लागलं नव्हतं.

"तूच म्हणतेस ना सारखं," जेनेव्हिव्ह हात न थांबवता म्हणाली. "'बरं, ओपन द बुक. बरं, रीड.' त्यांना वाटलं असणार, हे पण इंग्रजीच. सहाच्या सहा जण म्हणतात. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

टीचरनी मागच्या एका तासाचं रेकॉर्डिंग लावलं. दहा मिनिटांतच बंद केलं. चौतीस वर्षांत किती पिढ्या या शब्दानिशी बाहेर पडल्या असतील, हा हिशेब त्यांनी केला नाही. इथल्या मराठी मुलांना तो शब्द घरचाच होता. कोणाच्या लक्षात येणार?

बुधवारी त्यांनी पेनाचं टोपण काढूनच कॉल लावला.

"गुल्झात, आज उत्तर थेट द्यायचं. त्याआधी एक अक्षरही नको. समजलं?"

का, ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढा स्वाभिमान प्रत्येक शिक्षकाला असतो.

"वॉर्डात खाट रिकामी नाही आणि नवा पेशंट आलाय. काय कराल?"

गुल्झातने तोंड उघडलं. तिची नजर वर, डाव्या कोपऱ्यात गेली. हरवलेले 'इज' तिथेच कुठेतरी टांगलेले असावेत. बाहेर कावळा ओरडून थांबला. भंगारवाला गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला.

"बेड," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "नो."

"पुढे?"

"टीचर," तिने मान खाली घातली, "वाक्याआधी पाय ठेवायला जागाच नाही."

चुकीला माफी हा प्रकार टीचरना माहीत नव्हता. नवऱ्याच्या निधनाची सूचना चर्चच्या फलकावर लागली, तेव्हा तिच्यातला स्वल्पविरामही त्यांनी काळ्या कपड्यांत उभ्या उभ्या दुरुस्त केला होता.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. पेन टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लोटून दिला.

"बरं," त्या म्हणाल्या.

गुल्झातचे खांदे सैल पडले. "बरं," ती म्हणाली, "देअर इज नो बेड, बट देअर इज अ चेअर. द पेशंट विल सिट, अँड आय विल फाइंड अ बेड."

'इज' दोन्हीकडे होता. 'अ' जागेवर होता. 'द' तर असा बसला होता, की जणू तिच्याच घरचा.

"सांगितलंस तिला?" संध्याकाळी जेनेव्हिव्हने विचारलं.

"काय?"

"ते इंग्रजी नाही म्हणून."

"ज्याच्या आधाराने इंग्रजी बोलता येतं, ते इंग्रजीच," टीचर म्हणाल्या. एवढं ठासून त्यांनी कुठलाच नियम आजवर सांगितला नव्हता. तरी रात्री त्यांनी आवडीचं कोळंबीचं कालवण अर्धं ठेवलं, आणि मीठ जास्त झाल्याचं खोटं कारण दिलं.

गुरुवारी चारला त्या लॅपटॉपसमोर बसल्या. सव्वाचार झाले. साडेचारला गुल्झात पडद्यावर आली. इस्त्रीचा पांढरा कोट अजून अंगात होता.

"टीचर, झालं. मला घेतलं."

टीचरनी खुर्ची पुढे ओढली. "गप्प बसलात का कुठे?"

"एकदाही नाही. तिघं होते. मधल्या मॅडम मुख्य. त्यांनी विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी म्हटलं, मुंबईला, एथेल टीचरकडे. शेवटी शेवटी त्या स्वतःच म्हणायला लागल्या. 'बरं, व्हेन कॅन यू जॉइन?'"

स्वयंपाकघरात जेनेव्हिव्हच्या हातून झाकण पडलं. टीचरनी तिकडे बघितलं नाही. त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला. "पाया पक्का असला की असं होतं," त्या म्हणाल्या. "व्याकरण म्हणजे दुसरं काय?"

"खरंय, टीचर. आता एक छोटीशी विनंती आहे." गुल्झातने वही पुढे ओढली. "मॅडमना आभाराचं पत्र पाठवायचंय. 'बरं'चं तेवढं स्पेलिंग सांगता? डिक्शनरीत कुठे सापडत नाही."