पोशेऱ्याच्या हत्तीचे दात

जव्हारच्या कोर्टात सुकऱ्याला एकच शब्द बोलायचा होता, नाही. वकिलाने तो त्याच्याकडून तीनदा घोकून घेतला होता. पिशवी माझी नाही, मोखाड्याच्या जीपमध्ये कुणीतरी ठेवली, एवढं म्हण आणि सूट. जीपवालाही तसंच सांगणार होता. वकिलाची फी देत होता नाशिकचा व्यापारी, ज्याच्यासाठी त्या पिशवीतून हत्तीचे दात निघाले होते. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, हे काही हत्तीपुरतंच नसतं.

हत्ती गोसाव्यांचा. २००३च्या उन्हाळ्यात पोशेऱ्याच्या चढावर बसला तो उठलाच नाही. गोसावी रडून निघून गेले. गावाने खड्डा खणला, हळद वाहिली, नारळ फोडला. खणणाऱ्यांत सुकऱ्या होता. पावसाळा सरल्यावर तोच खड्डा त्याने एकट्याने उकरला. पोटासाठी माणूस काय करत नाही म्हणा, पण हात जोडून पुरलेल्याला उघडं पाडणं वाईटच.

तेव्हापासून हत्ती त्याच्या घरी येऊ लागला. सुकऱ्याची बायको सखी सकाळी अंगण सारवायची आणि ओल्या शेणावर सुपाएवढे गोल खळगे उमटायचे. आधी कुंपणाशी, मग चुलीच्या लाकडांशी, आता उंबऱ्याला लागून. सखीला काहीच दिसत नसे. ती लेकीला नेमकी तिथेच बसवून भाकरी द्यायची, आणि सुकऱ्या लेकीला उचलून दुसरीकडे बसवायचा. भगताने कौलाचे दाणे पाहून सांगितलं, "ज्याचं त्याला दे, मंग जाईल." पण दात तर कोर्टाच्या ताब्यात होते.

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"हाय," सुकऱ्या म्हणाला. "मीच उकरला."

वकिलाने कपाळाला हात लावला. तीन वर्षं तुरुंगात जावं लागेल, नीट विचार कर, असं न्यायाधीशांनी दोनदा बजावलं.

"जातो साहेब. पन आधी दात माना द्या. खड्ड्यात ठेवून येतो."

"अरे, हत्ती मेला ना?"

"मेला म्हनून तं. जिता असता तं पाया पडलो असतो."

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी समजुतीने सांगितलं, दात आता सरकारजमा, ते परत कुणालाच मिळायचे नाहीत. मग त्यांनी तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

सुकऱ्याने मागे पाहिलं. दाराशी सखी लेकीला कडेवर घेऊन उभी होती. स्वतःच्या तीन वर्षांचं त्याला काही वाटलं नाही. त्याला त्या दोघींसाठी भीती वाटली.

"साहेब, मंग हत्तीला तसा कळवा," तो हात जोडून म्हणाला. "दात सरकारकडं हायेत म्हनून. नायतं तो माझ्याच घरी येल, आन् घरात या दोघीच हायेत."

हे लिहून घ्यायचं की नाही, कारकुनाला कळेना.