तिसरं हँडल

"डोळे मिटा काका, आणि ही दांडी धरा. गाडी चालवायची नाही. नुसतं ओट्यावर बसल्यासारखं बसा."

बन्सीलालकाकांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "काय म्हने?"

मी तेच ओरडून सांगितलं. बत्तीस वर्षं लूमच्या, यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. हळू बोललेलं त्यांना ओठांवरून कळतं. डोळे मिटले की तेही बंद. शेवटी हातवारे करून समजावलं. त्यांची क्रूझर मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी होती. तिचं हँडल मी काढून ठेवलं होतं आणि काकांच्या हातात झाडूची मोकळी दांडी दिली होती. माणूस डोळे मिटून सैल बसला की त्याचे हात आपोआप जिथे थांबतात, तिथे त्याचं हँडल असायला हवं. ही माझी स्वतःची पद्धत. आमच्या गोडादऱ्यात तिला हसणारे खूप आहेत, पण हँडल बदलायचं झालं की येतात माझ्याच गॅरेजला.

दांडी थांबली. मी खडूने खूण करायला वाकलो आणि वैतागलो. डावा हात छान सैल होता. उजवा खांदा मात्र आखडून कानापाशी गेलेला.

"काका, खांदा ढिला सोडा ना!"

"ढिलाच शे ना, भो."

कसला ढिला! त्या खांद्याकडे बघता बघता मला शर्टावर तीन सोनेरी टिकल्या दिसल्या. मागच्या वेळी दोन होत्या. त्याही उजव्याच खांद्यावर. दुसऱ्याच्या अंगावरचा धागासुद्धा कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको याला भोचकपणा म्हणते. पण टिकल्यांचा आणि हँडलचा काय संबंध, म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो.

काका काही क्रूझर मिरवणाऱ्यांतले नाहीत. चार वर्षांपूर्वी सुंदराकाकी जिन्यावरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून बसची पायरी त्यांना चढवत नाही आणि रिक्षाच्या हादऱ्यांनी त्या रडकुंडीला येतात. या गाडीची सीट बुटकी, मागे टेकायला पाठ. म्हणून काकांनी ती जुनी गाडी शोधून आणली. लूमच्या खात्यातले, म्हणजे कारखान्यातले लोक म्हणाले, बन्सी हिरो व्हयना, हिरोच झाला. काका म्हणाले, व्हयना ते व्हयना. दर सुट्टीला ते काकींना मागे बसवून बारडोलीला नेतात, हर्षदाकडे. हर्षदा त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा साखर कारखान्यात आहे आणि तिचं बाळ आता कुठे बसायला लागलंय.

अडचण एकच होती. "पलसाणा उनं का मना उजवा हात मरी जास," काका म्हणायचे. बारडोलीच्या वाटेवर तिथवर पोचलं की बोटं बधिर होतात, ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही. हायवेवर डाइंग मिलचे ट्रक, मागे खुबा मोडलेली बायको, आणि ब्रेकचा हात बधिर! म्हणजे हँडल जमलं नाही तर बारडोली बंद, आणि काकींना नातू दिसणार तो फोनच्या पडद्यावर.

मी आधी उंच हँडल बसवलं. गल्लीत चक्कर मारून काका म्हणाले, "चालशे." सुट्टीनंतर परत आले, हात मेला होता. मग सरळ, आडवं हँडल बसवलं. पुन्हा "चालशे", पुन्हा हात मेला. एकाच माणसाने मला दोनदा नापास केलं होतं. आता तिसऱ्याला दांडीही दाद देईना.

"असं करा," मी म्हटलं, "गाडीचं मूळचं हँडल परत लावतो. एकटे पलसाण्याला जाऊन या."

काका गेले आणि आले. हाताला काहीसुद्धा झालं नव्हतं. बोटं उघडझाप करून दाखवताना ते स्वतःच चोरी पकडली गेल्यासारखे दिसत होते.

"मग आता काकींना घेऊन या. दोघं बसल्यावर बघू."

"तिले कसाले आनू? तिनी कंबर दुखस," म्हणून ते जे गेले ते आलेच नाहीत. फोन करावा तर त्यांना ऐकू येत नाही. चार दिवस वाट पाहून मी सरळ त्यांच्या खात्यावर गेलो.

आत गेल्यावर मलाच काही ऐकू येईना. लूमच्या दोन रांगांमध्ये काका पाठमोरे उभे होते. मी हाका मारल्या, त्या माझ्या मलाच कळल्या नाहीत. तेवढ्यात शेजारचा एक कारीगर आला आणि त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवून दोनदा दाबलं. काकांनी त्याच क्षणी लूम बंद केला, मागे वळूनही न बघता. नंतर बाहेर चहा पिताना मी त्याबद्दल विचारलं. काका म्हणाले, आत बोलून उपयोग नाही, सगळं खांद्यावर चालतं. एकदा दाबलं की लक्ष दे, दोनदा दाबलं की थांब, थाप मारली की चालू दे. बत्तीस वर्षांत ही भाषा अंगात इतकी मुरली की आता ते झोपेतही दोनदा दाबलं की घोरायचं थांबतात, असं काकी सांगतात म्हणे. हे सांगताना काका लाजले. मी मात्र त्यांच्या मागे लागून सुट्टीला दोघांनी माझ्याकडे यायचं कबूल करून घेतलं.

सुट्टीला दोघं आले. काकी एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, उजवा हात काकांच्या उजव्या खांद्यावर. ते बारडोलीला निघाले, मी माझ्या स्कूटरवर मागे निघालो आणि अर्ध्या तासात मला सगळं कळलं. गतिरोधक आला की काकी एकदा दाबायच्या, गाडी हळू व्हायची. रसवंती दिसली, दोनदा दाबलं, गाडी थांबली. रस पिऊन झाला, थाप पडली, गाडी निघाली. दोघांच्या तोंडून अक्षर नाही, तरी वाटभर बोलणं चाललेलं. आणि प्रत्येक खड्ड्याला काकी मोडका खुबा सावरायला अंगाचा सगळा भार त्या एका खांद्यावर टाकत होत्या.

पलसाण्याला चहाच्या टपरीवर थांबलो. काकींची बोटं मी जवळून पाहिली. नखांच्या कडेला वाळलेला डिंक, त्यात टिकल्या. घरी बसून त्या साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करतात. कोडं सुटल्याचा मला इतका आनंद झाला की राहवलंच नाही.

"काकी, हँडल निर्दोष आहे! काकांचा हात बधिर होतो तो तुमच्या..."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा दाबलं. त्याचा अर्थ मला माहीत होता. चारच दिवसांपूर्वी शिकलो होतो. तरी मी थांबलो नाही. "...तुमच्या हाताने. सगळा भार तुम्ही त्याच खांद्यावर टाकता."

काकींनी कप खाली ठेवला. "खरं शे का?" त्या काकांकडे वळून, ओठ दिसतील असं म्हणाल्या. "इतला दिन तुम्ही सांगं का नही?"

काका चहाचे पैसे द्यायला उठले.

काकी गाडीवर बसल्या त्या सीटमागची लोखंडी पट्टी धरून. मी तिथून परत फिरलो. मोठा शोध लावल्याच्या थाटात मी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती नुसतं "बरं केलंस" म्हणाली. ते तिने कोणत्या सुरात म्हटलं, हे मला फार उशिरा कळलं.

दोन सुट्ट्या गेल्या. तिसऱ्या सुट्टीला सकाळीच काका-काकी दारात. काकांचा शर्ट स्वच्छ होता. खांद्यावर एकही टिकली नव्हती.

"योगेश, ते तिसरं हँडल बसाडी दे."

"हात पुन्हा बधिर होतो?"

"नही. हात एकदम झकास शे."

"मग कशाला बदलायचं?"

काकांनी काकींकडे पाहिलं, मग मला सांगितलं. मागच्या सुट्टीला काकींना बारडोलीच्या अलीकडे नातवासाठी खुळखुळा घ्यायचा होता. त्यांनी हाका मारल्या, मारतच राहिल्या. काका दुकानं मागे टाकून हर्षदाच्या दारात जाऊन थांबले. काकींनी रिकाम्या हाताने नातवाला घेतलं.

"पयले माले मांगलं सगळं समजे," काका म्हणाले. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते नेहमी जरा मोठ्याने बोलतात, पण हे त्यांनी अगदी हळू सांगितलं. "आते ती मांगे शे का नही, हाई बी समजत नही."

मला माझ्या भोचकपणाची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी गाडी स्टँडवर घेतली, हँडल काढलं आणि झाडूची दांडी आणली. काकांना बसवलं, मागे काकींना बसवलं.

"काकी, हात ठेवा."

"मी नही ठेवनार. त्यासले दुखस."

"तुमच्या हातासकट माप घ्यायचंय. आधी तीच चूक झाली माझी. दोघांचं हँडल मी एकट्याच्या मापाने बघत होतो."

काकी हलल्या नाहीत. काका डोळे मिटून, दांडी धरून बसलेले. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. खांदा पुन्हा आखडला होता, पण आज त्यावर काहीच नव्हतं. ते नुसते थांबले होते. काकी त्या खांद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराला हात पुसला आणि ठेवला.

दांडी हलली. ती सावकाश काकांच्या पोटाकडे आली, चार बोटं मागे आणि दोन बोटं खाली. कोपरं बरगड्यांना टेकली, खांदा उतरला. मी खडूने खुणा केल्या.

मागे वळलेलं हँडल माझ्याकडे होतं. पूर्ण वळवलं की ते टाकीला घासत होतं, म्हणून खाली जाड चकत्या घालून थोडं उचललं. क्लचची वायर आतल्या बाजूने फिरवली, ब्रेकचा दांडा काकांच्या बोटांना जवळ आणला. दुपार झाली. काकी तोवर स्टुलावर बसून होत्या, मध्ये मध्ये "आते घासत नही ना?" असं विचारत होत्या.

गाडी सुरू झाली. काकांनी गियर टाकला, पण क्लच सोडेनात. मी "जा, जा" म्हणून ओरडलो. ते ढिम्म. मग काकींनी खांद्यावर थाप मारली आणि गाडी निघाली.

महिन्याभराने काका चेनला तेल घालून घ्यायला एकटेच आले.

"हात कसा आहे?"

"मरसच ना," काका सहज म्हणाले. "पन आते पलसाणा उनं का ती दोनदा दाबस. चहा पितस, हात चोळी देस, मंग निंघतस."

म्हणजे तिसरं हँडलही पूर्ण पास झालं नव्हतं. एरवी मी ते मनाला लावून घेतलं असतं आणि दांडी पुन्हा काढली असती. मी चेनला तेल घातलं. काका वाकून बघत होते. त्यांच्या उजव्या खांद्यावर पाच टिकल्या होत्या. त्यातली एक सुटून माझ्या तेलकट हातावर पडली. मी ती पुसली नाही, उचलून पुन्हा त्यांच्या शर्टाला लावली.