लाल आलं!

माझी ताई हार मानायला निघाली होती आणि मला हार मानणारी माणसं डोळ्यांसमोर नको असतात. मी शाळेत खेळ शिकवते. शिट्टी फुंकणं हा माझा पेशा, आणि घरच्यांच्या मते स्वभावसुद्धा.

ताईने बाबांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. कुठली गोळी कधी घ्यायची ते तो फोनमधून बोलून सांगायचा. बाबा गेल्यावर तिने तो सगळ्यांसाठी खुला केला. आतला कोड कुणीही बघावा, फुकट वापरावा, जमलं तर दुरुस्त करावा. ओपन सोर्स म्हणतात त्याला. हळूहळू कुठल्या कुठल्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये तो बोलू लागला. ताई तेव्हा हवेत होती.

मग तक्रार आली. गोळी कधीकधी चुकीच्या दिवशी सांगतो म्हणे. “कधीकधी” या शब्दाने ताईचं डोकं खाल्लं. कधी, कुणाला, कुठल्या गोळीला, कुणालाच सांगता येईना. अंदाजाने तिने एक जागा दुरुस्त केली, तर भलतीकडेच काही जणांच्या सकाळच्या गोळ्या मुक्या झाल्या, प्रोग्राम त्या सांगेचना. त्या दिवसापासून तिने कोडला हात लावला नव्हता. आणि एका संध्याकाळी मला फोन.

“रविवारी संध्याकाळी प्रोग्राम बंद करतेय. लोकांना तसं कळवलंय. कुणाच्या जिवाशी खेळ नको.”

“बंद करायच्या आधी काय केलं तर वाचेल, ते सांग.”

“टेस्ट हव्यात, छोटे. प्रोग्रामला विचारायचे बारीक बारीक प्रश्न. उत्तर आपण आधीच ठरवून ठेवायचं. कोडमध्ये काही बदललं की कॉम्प्युटर सगळे प्रश्न पुन्हा विचारतो. उत्तर जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. असे शेकडो प्रश्न हवेत. मी एकटी कुठवर लिहिणार?”

“एकटीने कशाला? रविवारी सकाळी लिहू. माणसं मी आणते.”

“तुला टेस्टमधलं काय कळतं गं?”

“दर आठवड्याला घेते. पोरं रडतात.”

माणसं आणायला मला कष्ट पडत नाहीत, लोकांनाच मला नाही म्हणायला कष्ट पडतात. कोड लिहिणारे ताईच्या ओळखीतले निघाले. त्यातला एक बँकेतला, बोटं इतकी चपळ की त्याला सगळे “मशीन” म्हणायचे. कोड न येणारेही मी ओढून आणले: कोपऱ्यावरचे औषधवाले काका, दवाखान्यातल्या सिस्टर, माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई. वाचनालयाचा खालचा हॉल मागितला. भावजींकडे वायरी आणि चहा सोपवला. त्यांनी सगळे लॅपटॉप आणि चहाची किटली एकाच बोर्डावर लावली आणि दहा मिनिटांत अख्खं वाचनालय अंधारात घातलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. भावजी म्हणाले, “ही माझी टेस्ट. लाल आली.”

मी भिंतीवर मोठा फळा टांगला होता. दोन गट, पुढे गुण. एक टेस्ट, एक गुण. ताईने फळ्याकडे बघून तोंड उघडलं होतं, पण मी तोवर शिट्टी मारली होती.

आणि काय पळाली माणसं! कीबोर्डांचा नुसता तडतडाट. मशीनचा गट पुढे गेला की मी दुसऱ्या गटाला टोमणे मारायची, दुसरा पुढे गेला की मशीनला. सिस्टर आणि काका मात्र भिंतीशी खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं की समोरून “एक मिनिट हं” व्हायचं आणि ते मिनिट काही संपायचं नाही. मला ते दिसत होतं. पण फळा भरत होता आणि फळा भरताना मला दुसरं काही दिसत नाही.

जेवणाच्या वेळेपर्यंत पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवंगार झालं. एकही लाल नाही. मी टाळ्या वाजवल्या, हॉलने वाजवल्या, भावजींनी तर मशीनला उचलायचा प्रयत्न करून कंबर धरली.

ताई टाळ्या वाजवत नव्हती. ती पडद्यापाशी जाऊन एकेक टेस्ट वाचत होती.

“ही कुणी लिहिली?”

“मी,” मशीन म्हणाला.

“उत्तर कुठून आणलंस?”

“कुठून म्हणजे? प्रोग्राम चालवला. त्याने जे सांगितलं ते उत्तर म्हणून खाली लिहिलं. पटापट होतं.”

“आणि तू?” ताईने दुसऱ्या गटाला विचारलं. तिथेही तेच. सगळीकडे तेच.

मला आधी उमगलंच नाही. मग गणिताच्या बाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे मुलाच्याच उत्तरपत्रिकेवरून आपण त्याचा पेपर तपासला.” असं झाल्यावर तो पैकीच्या पैकीच मिळवणार. प्रोग्रामने चूक केली असेल तर आम्ही ती चूक बरोबर म्हणून शिक्का मारून ठेवली होती. आणि ही घाई कुणी लावली होती? भिंतीवरच्या त्या फळ्याने.

ताई खुर्चीत बसली. “जाऊ दे, छोटे. तू केलंस तेवढं खूप झालं. संध्याकाळी बंद करते.”

समजूत घालणारा तिचा तो आवाज ऐकून मला असा राग आला, की मी फळा एका हाताने पुसून टाकला. बाही खडूने पांढरी झाली.

“लॅपटॉप मिटा,” मी ओरडले. “सगळे! सकाळच्या टेस्ट सगळ्या रद्द, नवीन नियम. उत्तर आधी माणसांनी द्यायचं, कागदावर, प्रोग्रामला न विचारता. एका कोडवाल्याबरोबर एक बिनकोडवाला. मशीन, तू सिस्टरांकडे. आणि गुण आता हिरव्याला नाही. लालला. जो लाल काढून दाखवेल तो जिंकला.”

“लाल म्हणजे चूक ना?” काकांनी विचारलं.

“चूक आत्ता इथे सापडली तर आपली. बाहेर सापडली तर कुणाच्या तरी आजोबांची.”

आता हॉलचा आवाजच बदलला. तडतडाट थांबला आणि भांडणं सुरू झाली. जेवणाआधीची गोळी, पण माणूस जेवलाच नाही तर? फेब्रुवारीत काय? काका आयुष्यभर ऐकलेले पेशंटचे घोळ एकेक करून काढत होते, बाई ते आखून देत होत्या. ताई मात्र खुर्चीतून उठली नव्हती.

सिस्टरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं होतं.

“दिवसाआडची गोळी घे,” त्या मशीनला म्हणाल्या. “एक तारखेला सुरू. मी बोट ठेवते, तू लिही. एक, तीन, पाच...” बोट महिनाभर उड्या मारत गेलं. “एकोणतीस, एकतीस. आता पान उलट. एक तारखेला सुट्टी, दोन तारखेला गोळी.”

मशीनने लिहिलं. टेस्ट चालवली. मग तो उठून उभा राहिला.

“लाल,” तो म्हणाला. आणि मग वेड्यासारखा, “लाल आलं! ताई, लाल आलं!”

ताई इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे पडली. प्रोग्राम दिवस मोजतच नव्हता. तारीख सम की विषम, एवढंच तो बघत होता. एकतीसलाही गोळी, लगेच एक तारखेलाही गोळी. ज्या महिन्याला एकतीस दिवस त्याच महिन्याच्या शेवटी चूक, एरवी सगळं बिनचूक. हेच ते “कधीकधी”.

“मला दोन पेशंटचे असेच फोन आले होते,” सिस्टर म्हणाल्या. “ते विचारून घेतात म्हणून बरं. मला वाटलं, त्यांचीच गफलत.”

“आणि सकाळी,” मशीन कानाला हात लावत म्हणाला, “मी स्वतः लिहिलं होतं. एकतीसला गोळी, एकला गोळी, बरोबर.”

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. चुकीला एवढ्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. ताईने डोळे पुसले, लॅपटॉप ओढला, आणि हात कीबोर्डवर ठेवून थांबली. मला माहीत होतं ती का थांबली. मागच्या दुरुस्तीत मुक्या झालेल्या सकाळच्या गोळ्या आठवत होत्या तिला.

“बदल,” मी म्हणाले. “आम्ही आहोत.”

तिने बदललं. पहिल्या गोळीपासून दिवस मोजायचे, तारीख बघायचीच नाही. टेस्ट चालल्या. सिस्टरांची टेस्ट हिरवी झाली आणि दुसरीकडे काकांची एक हिरवी होती ती लाल झाली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी एक दिवस पुढे सरकली होती.

मला वाटलं, आता संपलं.

ताई हसायला लागली. खरंच खदखदून. “अरे, हे बघा ना! मागच्या वेळी हे मला लोकांच्या तक्रारींतून कळलं होतं. आज मिनिटाच्या आत कळलं. घरातच कळलं!” तिने एक आकडा सुधारला, पुन्हा चालवलं. सगळं हिरवं. या वेळचं हिरवं कष्टाचं होतं. मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून पुन्हा आवाज आला, आणि या वेळी भावजींनीच त्यांना गप्प केलं.

संध्याकाळ झाली. लोक वायरी गुंडाळू लागले. बंद करण्याची सूचना ताईने कधी काढून टाकली ते मला कळलंही नाही. मी बघायला गेले तेव्हा ती पुन्हा कोडमध्ये घुसली होती, आणि जिथे बोट लावायला ती घाबरायची तो सकाळच्या गोळ्यांचा भाग सरळ उपटून नवीन लिहीत होती.

“अगं, आज राहू दे की,” मी म्हणाले. “मोडलं म्हणजे?”

“मोडू दे,” ताई म्हणाली, आणि टेस्ट चालू करून, पडद्याकडे न बघता चहा आणायला गेली.