एकोणीस एकांची रांग

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका. मोजायला माणसे नव्हती तेव्हाही मी होतेच. एकाशेजारी एक असे एकोणीस एक मांडले, की झाले मी तयार.

मला कागदावर आणले एका टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याने. एकाचे अडकलेले बटण सुटले का, हे पाहायला त्याने ते टकटक दाबले आणि कागद फेकून दिला. त्याची थोरली बहीण शाळेत गणिताची बाई होती. तिने तो उचलला आणि मी फुटते का ते बघायचे ठरवले. फुटणे म्हणजे एक सोडून दुसऱ्या एखाद्या लहान संख्येने पूर्ण भाग जाणे. भाऊ हसला. इतका भोळा चेहरा, ही काय टिकणार, असे त्याला वाटले.

खरे सांगते, मलाही धाकधूक होती. अठरा एकांची माझी धाकटी बहीण तीनानेच कोलमडली होती. सतरा एकांची दिसायला कणखर, पण तिचेही दोन तुकडे झाले. बाईंनी मात्र मला वर्षभर सोडले नाही. तीन आले, सात आले, अकरा आणि तेरा आले. दरवेळी बाकी एक उरलाच. शेवटी कॉलेजातल्या संगणकाने बाकीच्या सगळ्या संख्या लावून पाहिल्या. एकीचीही डाळ शिजली नाही. मी मूळ संख्या ठरले!

मग शाळेच्या कार्यक्रमात, पालकांनी भरलेल्या सभागृहात, बाईंनी आनंदाच्या भरात मला भराभर फळ्यावर लिहिले आणि सांगितले, हिला फोडून दाखवा. पहिल्या रांगेतली एक मुलगी वहीत खाली मान घालून बसली होती. ती उठली.

"बाई, अकराने भाग गेला. बाकी शून्य."

बाईंचा चेहरा उतरला. पालक कुजबुजू लागले, मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिले. बाईंचा शब्द आणि माझे नाव, दोन्ही एकदम धुळीला मिळणार होते. मला रडू यायचे बाकी होते.

बाईंनी खडू उचलला. "दोन एक शेजारी ठेवले की अकरा. म्हणून अकरा या रांगेतून एकांच्या जोड्या नेतो. पण हिच्यात एक जण एकटा उरायलाच हवा."

त्यांनी एकेका जोडीभोवती गोल काढला. सगळ्या जोड्या जुळल्या. एकटा कुणीच उरला नाही. बाई खळखळून हसल्या.

"अगं, मी एक खाल्ला. अठराच लिहिलेत. ये, राहिलेला तू लिही."

मुलीने टाचा उंचावून शेवटी एक काढला, बाकीच्यांपेक्षा चांगला उंच. पुन्हा भागाकार केला आणि मोठ्याने म्हणाली, "बाकी एक." सर्वांत मागून भावाने पहिली टाळी वाजवली, आणि मग सगळे सभागृह दणाणले. अशी मिरवणूक फार थोड्या संख्यांच्या वाट्याला येते.

म्हणून मित्रांनो, मला उतरवून घ्याल तेव्हा बोट ठेवून मोजा. सगळे सारखे दिसतात म्हणून एखाद्याला गाळू नका. त्या दिवशी फळ्याच्या टोकाला तो एक एकटा उभा राहिला, म्हणून मी अभंग राहिले.