एकाच पिंपावर खडू

बाबांचा निळा एप्रन निवेसनं घातला होता.

तो तळघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. ती आली, न बघता हात वर केला, एप्रन काढला आणि पाठीमागे गाठ मारली. मला तो खिळा अंत्यविधीनंतर शोधावा लागला होता.

"ग्लास वरच्याच फळीवर ना?" तिनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत काढलेसुद्धा.

निवेस दलाल आहे. आमच्या टेकड्यांवरच्या लहान उत्पादकांची वाइन ती झुरिकच्या व्यापाऱ्यांना विकून देते. तिचे वडीलही तेच करायचे. दर वसंतात ती बाबांना गाडीत घालून वेरोनाच्या वाइन-प्रदर्शनाला न्यायची. मी नोवारा शहरात, कॉलेजात इतिहास शिकवायची. रविवारी जेवायला यायची, तेव्हा बाबा मला हवापाण्याचं सांगायचे. वेरोनाचे किस्से मला इतरांकडून कळायचे, आणि त्या सगळ्यांत निवेस असायची.

फेब्रुवारीत, द्राक्षवेलींची छाटणी अर्धी टाकून, बाबा गेले. मी कॉलेजातून रजा घेतली आणि इथं राहायला आले.

आज झुरिकचे व्यापारी एग्ली यायचे होते. त्यांनी माल उचलला तर मळा आणि तळघर आमच्याकडे राहणार होतं. नाही उचलला तर खालच्या गावातली मोठी कंपनी सगळं घ्यायला टपलेलीच होती. त्यांचा माणूस अंत्यविधीलाही आला होता, फुलं घेऊन, आणि जाताना कुंपणाबाहेरून वेलींच्या रांगा न्याहाळत उभा होता.

सकाळी शेजारचे ग्वेरिनोकाका अंडी द्यायला आले, ते बसलेच.

"तळघराच्या कोपऱ्यातलं छोटं पिंप पाहिलंस का? एवाझिओनं कुणाला हात लावू दिला नाही त्याला. एक निवेस सोडून. दर शनिवारी दोघं आत आणि दार लोटलेलं. आम्ही विचारायचो, काय रे, आत काय मुरतंय, वाइन की दुसरंच काही?"

"मग बाबा काय म्हणायचे?"

"हसायचा. अजून काय म्हणणार?"

आई जाऊन खूप वर्षं झाली होती. बाबांना जाब विचारावा असं त्यात काही नव्हतं, आणि ग्वेरिनोकाकांना वाटत होतं त्याचा मला रागही नव्हता. दार लोटलेलं असायचं, एवढंच मला सहन होत नव्हतं. माझ्या वाट्याला हवापाणी आलं आणि तिच्या वाट्याला ते दार.

एग्ली वेळेवर आले. उंच, वाकलेले, ओव्हरकोटात. निवेसनं ग्लास विसळले. आमच्याकडे वाइनच्या ग्लासाला पाणी लावत नाहीत. थोडी वाइन पहिल्या ग्लासात घालून फिरवायची, तीच दुसऱ्यात, तीच तिसऱ्यात, आणि मग जमिनीवर फेकायची. निवेसनं फेकली. तो झटका बाबांचा होता, अगदी मनगटासकट. मी खिडकीकडे बघत राहिले.

एग्लींनी मोठ्या पिंपांतली वाइन चाखली, थुंकली, मान डोलावली.

"चांगली आहे. पण मला ते कोपऱ्यातलं पाहिजे. दर वर्षी मागतो, दर वर्षी एवाझिओ नाही म्हणायचा. आता तुम्ही आहात, सिन्योरा. ते मिळणार नसेल तर बाकीचं घेऊन मी काय करू?"

"ते विकायचं नाही," निवेस म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"हे तू ठरवणार?" मी म्हटलं.

"मी नाही ठरवलेलं. ऐक ना, एर्सिलिया..."

"दिलं," मी एग्लींना म्हणाले. "घेऊन जा."

मी हात पुढे केला, त्यांनी धरला. आमच्याकडे व्यापारी आणि मालक असा हात धरून थांबतात, मग दलाल वरून आपला हात मारून तो सोडवतो. तो हात पडेपर्यंत सौदा होत नाही. कागद नंतर येतात. पण हात पडल्यावर फिरलेल्या माणसाकडून या टेकड्यांवर पुन्हा कुणी माल घेत नाही.

निवेसनं दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

"मार की," मी म्हटलं. "तुझं कामच आहे ते."

"आधी जाऊन बघ, पिंपावर काय लिहिलंय."

"आता?"

"आताच. हे सिन्योर कुठं पळून जात नाहीत. त्यांचा कोट बघ, किती जड आहे."

एग्ली हसले आणि त्यांनी माझा हात सोडला. मी कोपऱ्यात गेले. पिंपाच्या तोंडावर खडूनं, बाबांच्या तिरक्या अक्षरात, एकच शब्द होता. स्पान्ना.

"स्पान्ना लिहिलंय," मी तिथूनच ओरडले. "मग काय? सगळ्याच पिंपांत स्पान्ना आहे!"

बाकीचं जग ज्याला नेब्बिओलो म्हणतं, त्या द्राक्षाला आम्ही स्पान्ना म्हणतो. आमच्या मळ्यात दुसरं काही लावलेलंच नाही.

"तेच म्हणतेय मी," निवेस म्हणाली. "सगळ्यांतच आहे, तर एकावरच कोण कशाला लिहील?"

मी बाकीची पिंपं पाहिली. त्यांवर साल आणि मळ्याच्या तुकड्याचं नाव, एवढंच. द्राक्षाचं नाव कशावरच नव्हतं.

स्पान्ना म्हणजे वीत. मी जन्मले तेव्हा बाबांनी पाळण्यात माझ्याशेजारी पंजा पसरून मला मोजलं होतं, आणि मी शाळेत जाईपर्यंत ते मला याच नावानं हाक मारत. त्यानंतर ती हाक मी ऐकली नव्हती.

निवेस माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"लाकडातून वाइन उडते, भर घालावी लागते. दर शनिवारी मी घालायची. त्यांचे हात कापायचे शेवटी शेवटी. ते कुणाला दिसू नये म्हणून दार लोटायचे. भर घातली मी, पण एक थेंब चाखू दिला नाही मला. म्हणायचे, ही स्पान्नाची, ती घरी राहायला आली की उघडायची." तिनं एप्रनला हात पुसले. "जळायची मी, पोरी. रविवारच्या जेवणालाही उशिरा येणाऱ्या मुलीसाठी एवढं काय, असं वाटायचं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तू मला 'बस' असंसुद्धा म्हणाली नाहीस."

आम्ही परत आलो. मी एग्लींना म्हटलं, की छोटं पिंप देता येणार नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मग बाकीचं..."

"बाकीचं घेणारच तुम्ही," निवेस म्हणाली. "नाहीतर उन्हाळ्यात तुमच्या हॉटेलवाल्यांना काय पाजाल? तळ्यातलं पाणी? मघाशी थुंकायच्या आधी किती वेळ तोंडात धरली होती, ते पाहिलंय मी."

एग्लींनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला, मी धरला. निवेसचा हात वरून असा पडला की माझी बोटं झिणझिणली.

ते गेल्यावर मी पिंपातून वाइन ओढायची काचेची नळी मागितली. निवेसनं ती मला दिली आणि स्वतः मागे सरली. मला नीट ओढता येईना, निम्मी वाइन बाहीवर सांडली. तिनं काही मदत केली नाही, हसलीही नाही.

मी दुसऱ्या ग्लासात थोडी घातली आणि तिच्यापुढे धरली.

"मला कधीच दिली नाही त्यांनी," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं. आणि मला त्याचं बरं वाटलं.

मग आम्ही प्यायलो. ती एप्रनमध्येच होती. मी तो काढ म्हटलं नाही.