पाटणच्या यंत्रातली पावलं

सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या विनोदिनीचा नवरा सुमंत भूकंपाच्या नोंदी घ्यायचा. पाटणजवळ आकाराम या शेतकऱ्याच्या गोठ्यामागच्या खोलीत त्याचं यंत्र होतं. ते इतकं बारीक टिपायचं, की जवळून माणूस चालला तरी आलेखावर टोकं उमटायची. "हा मी, चहाला बाहेर निघालो," सुमंत तिला बोट ठेवून दाखवायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत पाटणहून परतताना त्याची मोटारसायकल घसरली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर आकाराम यंत्र मांडीवर घेऊन एसटीनं आला. "वैनी, सायेब त्या दिशी लय येळ आत-भाईर करत हुतं. समदं ह्यात आसंल."

त्या यंत्राची बॅटरी आता फार तर आणखी दहा दिवस टिकणार होती. ती संपली की नोंदीही जाणार. यंत्र संगणकाला जोडायचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, यंत्राच्या कंपनीनं लिनक्स या संगणकप्रणालीच्या एकाच जातीसाठी दिलेला. त्या जातीचं लिनक्स मागवायला महिना लागला असता. विनोदिनीकडे होतं ते मासिकाबरोबर सीडीवर आलेलं, वेगळंच. तिनं कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, या लिनक्सची जबाबदारी आम्ही घेत नाही.

मग तिनं ड्रायव्हरचा मूळ कोड उघडला. तास संपले की प्रयोगशाळेत बसायची. एक चूक दुरुस्त केली की चार नव्या निघत. आठव्या दिवशी दुपारी ड्रायव्हर एकदाचा संगणकावर चढला. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. तिला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

तिनं नोंदी मागवल्या. पडद्यावर आलं: शून्य.

पुन्हा मागवल्या. शून्यच.

कोड वाचल्यावर कळलं. ड्रायव्हर चढताना यंत्र पुसून कोरं करत होता. कंपनीच्या लिनक्सवर त्याआधी नोंदी उतरवून घेणारा एक छोटा प्रोग्रॅम आपोआप चालायचा. विनोदिनीच्या लिनक्सवर तो चालत नव्हता, म्हणून तिसऱ्याच दिवशी तिनं तो बाजूला काढला होता.

संध्याकाळी आकारामचा फोन आला. "गावलं का सायेब?"

"गेलं, आकारामभाऊ. माझ्याच हातानं पुसलं गेलं."

आकाराम म्हणाला, "तुमी जेवलासा का?"

रिसीव्हर कानाशी तसाच धरून सुमंत गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, आणि पलीकडे आकारामनं फोन ठेवला नाही.