वर्तुळाबाहेरचे तेरा

ताईच्या लॅपटॉपवर एक पिवळं वर्तुळ असायचं. आकाशाच्या फोटोवरून ती ते माऊसनं सरकवत न्यायची. आत पुरेसे लाल ठिपके आले की वहीत नोंद, नाही आले की पुढे चला. दोन वर्षं हेच. मी म्हणायचे, लग्नच करून टाक त्याच्याशी.

ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखी, अब्जावधी ताऱ्यांची. तिथून उजेड निघाला त्याला बारा अब्ज वर्षं झाली. एवढ्या लांबून येताना तो ताणला जातो आणि लाल पडतो. जितकं लांब तितकं लाल. आज दीर्घिकांचे मोठमोठे पुंजके दिसतात, शेकडो एका ठिकाणी. ते मुळात जमायला लागले कसे, हा ताईचा विषय.

माझा विषय चष्म्याच्या काचा. शाळा मी नववीत सोडली. शेजारची काकू सांगत फिरते की शाळेनं मला काढलं, ते साफ खोटं आहे. तेव्हापासून चष्म्याच्या दुकानात रंगीत काचांच्या जोड्या लावते. उजवी काच डावीपेक्षा जराशी जरी गडद निघाली तरी गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. माझी एकही जोडी अजून परत आलेली नाही. म्हणूनच ताईनं मला दहा दिवस फोटो बघायला बसवलं. "डोळे दे आणि तोंड बंद ठेव," असं ठरलं होतं. डोळे दिले.

रविवारी सकाळी मी चार फोटो कागदावर छापून आणले, फरशीवर कडेला कड लावून मांडले आणि तेरा ठिपक्यांना पेन्सिलीनं खुणा केल्या. फोटोत लाल ठिपके खूप होते, पण कुणी विटकरी, कुणी डाळिंबी. हे तेरा अगदी एका लालातले, म्हणजे एकाच अंतरावरचे.

"ताई, हे एकत्र आहेत."

"कुठले?"

"हे. इथून पार तिकडच्या कागदापर्यंत."

तिनं तेच फोटो लॅपटॉपवर उघडले आणि वर्तुळ आणून ठेवलं. "आत तीनच येतायत. बाकीचे कुठल्या कुठे पांगलेत. याला पुंजका नाही म्हणत, ठिणगे."

ठिणगी म्हणजे मी. खरं नाव घरात कुणाला आठवतं की नाही, शंका आहे.

"तुझं वर्तुळ छोटं आहे."

"वर्तुळ सरांनी ठरवलंय." सर म्हणजे तिचे पीएचडीचे गाइड.

"मग सरांचं छोटं आहे."

आई पलंगाच्या कडेला गरम पाण्याच्या टबात पाय घालून बसली होती. ती टपाल वाटते, सहा दिवस चालते आणि सातव्या दिवशी पाय भिजवत आमची भांडणं ऐकते. टीव्हीपेक्षा बरं, म्हणते.

त्या दिवशी पाचच्या आत ताईला अर्ज पाठवायचा होता. मोठ्या दुर्बिणीकडे वर्षातून एकदाच मागता येतं, की अमुक एक जागा माझ्यासाठी बघा आणि तिथला उजेड रंगारंगांत फोडून अंतर नक्की सांगा. एकच जागा. गेल्या वर्षी ताईचा अर्ज नापास झाला होता. यंदाही झाला तर विषय काढून दुसऱ्याला देईन, असं सरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. म्हणून तिनं बिनधोक जागा निवडली होती. गोल गरगरीत गोळा, वर्तुळात बावीस ठिपके, वर सरांची सही.

"तो गोळा जमून कधीचा बसलाय," मी म्हटलं. "तुला सुरुवात बघायचीय ना? बाळपणावर लिहायचं आणि फोटो आजोबांचा लावायचा?"

आई फिस्सकन हसली.

"आई, हसू नकोस. चढते ती."

"चढू दे की. बरोबर बोलली."

ताईचे कान लाल झाले. "योगायोग असेल. एवढ्या मोठ्या तुकड्यात तेरा लाल ठिपके कुठेही सापडतील."

"लाव पैज. चाळीस तुकडे घे, एवढ्याच आकाराचे. मी निवडणार नाही, नाहीतर म्हणशील हिनं लबाडी केली. तू डोळे मिटून बोट ठेव."

तिनं खरंच डोळे मिटून बोट ठेवलं. मी त्याच लालातले ठिपके दाखवायचे, ती ताडून बघायची आणि आकडा लिहायची. दोन. चार. एक. तीन. शून्य. तीन. आईनं टबातलं पाणी दोनदा बदललं. चाळीस तुकडे संपले तेव्हा सगळ्यात मोठा आकडा होता पाच. ताई पेनचं टोपण चावत बसली. ती टोपण चावते तेव्हा एकतर हरलेली असते किंवा घाबरलेली. या वेळी दोन्ही.

"सरांना विचारते," म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकला.

सरांनी पहिलंच विचारलं, "वर्तुळात किती?"

"तीन, सर. पण बाहेर धरून..."

"मग पुंजका कुठाय?"

"एवढ्या तुकड्यात साधारण तीनच निघतात, सर. इथे तेरा आहेत. आम्ही चाळीस ठिकाणी मोजलं."

"आम्ही म्हणजे?"

"माझी बहीण. तिनंच शोधले."

"काय शिकते?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. "दुकानात असते."

"बरं," सर म्हणाले.

तो 'बरं' माझ्या ओळखीचा आहे. आमचे मुख्याध्यापक अस्संच 'बरं' म्हणायचे आणि आईला दार दाखवायचे. माझं डोकं सटकलं.

"सर, बहीण इथेच बसलीय. तिला कानपण आहेत."

ताईनं कपाळावर हात मारून घेतला. मी थांबले नाही.

"आमच्या दुकानासमोर दवाखाना आहे. दहाला शटर उघडतं. नऊला येऊन बघा, रांगबिंग काही नसते. एक जण खांबाला टेकलेला, दोघी पायरीवर, एक म्हातारा पार कोपऱ्यावर पेपर उघडून. सगळे पांगलेले. पण पेशंट कोण आणि नुसतं रस्त्यानं कोण चाललंय, हे मी बसल्या जागेवरून सांगते. दहाला तेच सगळे आत, मांडीला मांडी लावून. तुम्ही माप घेतलंय त्या आतल्या खोलीचं. ते घेऊन नऊ वाजता रस्त्यावर उभे राहिलात, तर पेशंट दिसतील कसे?"

मग सर म्हणाले, "मुली, पेशंटला दवाखाना माहीत असतो. दीर्घिकांना कोण सांगतं कुठे जायचं ते?"

प्रश्न चांगला होता.

"ते ताईला येतं," मी म्हटलं आणि फोन तिच्यापुढे ढकलला.

ताई आधी पुटपुटली. मग तिचा आवाज मोकळा झाला. म्हणाली, सुरुवातीला न दिसणारं द्रव्य सगळीकडे जवळजवळ सारखं पसरलेलं होतं, कुठे केसभर जास्त, कुठे केसभर कमी. जिथे जास्त तिथली ओढ जास्त. त्या ओढीनं त्याचे धागे झाले, धाग्यांत वायू घसरत आला आणि त्यातून दीर्घिका पेटल्या. धागे जिथे एकमेकांना मिळतात, तिकडे त्या सरकत राहतात.

"पण सर, तिथे पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. म्हणजे सुरुवातीला त्या पांगलेल्याच असणार. आपलं वर्तुळ जमलेल्यांवरून काढलंय. आपण सुरुवात शोधतोय, आणि समोर आली की तिलाच गाळतोय."

'आपण' म्हणाली, पण वर्तुळ कुणाचं हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"यातले निम्मे मागचे-पुढचे निघाले तर? नुसत्या रंगावरून अंतर कच्चंच कळतं."

"निघतील, सर. म्हणून तर उजेड फोडून बघायचाय."

"गोळ्यावर माझी सही आहे," सर म्हणाले. "ह्याच्यावर मी करणार नाही. पाठवायचं तर एकटीच्या नावावर पाठव. नापास झालीस तर आपलं बोलणं झालेलंच आहे." आणि फोन ठेवला.

ताईनं लॅपटॉप पुढे ओढला. "गोळा पाठवते."

"पळपुटी!"

"तुझं काय जातंय? विषय माझा जाईल."

खरं होतं. माझं काहीच जात नव्हतं, आणि म्हणूनच जास्त आग झाली. मी छापलेले कागद गोळा केले आणि तिच्या मांडीवर आपटले. "मग फाड हे. माझ्यासमोर फाड."

तिनं फाडले नाहीत. एक खूण बोटानं पुसून बघितली. पेन्सिलीची होती, पुसली गेली. ठिपका तिथेच होता.

"मोठे," आई म्हणाली, "त्या गोळ्यातून तुला नवीन काय कळणार आहे?"

"फारसं काही नाही. पास होईल एवढंच."

"मग मगाशी एवढा घसा कशाला कोरडा केलास?"

पुसलेली खूण ताईनं पेनानं पुन्हा काढली. मग म्हणाली, "आकडे सांग. डावीकडून."

मी तेरा ठिपक्यांच्या जागा वाचत गेले, ती टाईप करत गेली. साडेचार वाजून गेले. शेवटच्या पानावर मदत करणाऱ्याचं नाव मागितलं होतं, पुढे शिक्षणाचा रकाना. तिथे तिचा हात थांबला.

"रिकामा ठेवला तरी चालतो," ती हळूच म्हणाली.

"नववी लिही."

"अगं, ते लोक..."

"अक्षरात लिही. नाव पण पूर्ण लिही. आठवतंय ना?"

तिनं लिहिलं. आठवत होतं. मग पडद्यावर पाटी आली, एकदा पाठवलं की बदलता येणार नाही. चार बावन्न. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"तू दाब," ती म्हणाली.

"मुळीच नाही. उद्या नापास झालीस की मला शिव्या घालायला मोकळी होशील. तुझा विषय, तुझं बोट."

"कार्टे, एक दिवस मी तुला..." असं म्हणत तिनं बटण दाबलं.